खिसा असलेली खोळ

३ जून

दादा,

फोनच करणार होते. पण तू फोन उचललास की बाबा शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि "कोण? काय म्हणतेय?" सुरू होतं. म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडून टाक. वहिनीला दाखवलंस तरी चालेल, ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

लाँड्रीसाठी मोठं टेबल हवं होतं म्हणून जुन्या सामानाच्या बाजारात गेले होते. टेबल मिळालं नाही. एका मोडक्या कपाटाला टेकवून ठेवलेलं एक चित्र मिळालं. हौशी हाताचं काम आहे हे लांबूनही कळतं. टेबल एका बाजूला कललंय, बशीतली लिंबं आत्ता घरंगळतील असं वाटतं. पण काढणाऱ्याने दिसलं ते सगळं काढलंय, काही म्हणून सोडलेलं नाही. भिंतीतला खिळा, खिळ्याची सावली, टेबलावर पडलेला कपाचा गोल डाग. कोपऱ्यात सहीऐवजी एक मुंगी आहे. मी ती खरी समजून नखाने उडवायला गेले.

आता ऐक. त्या टेबलाच्या मधोमध काहीतरी उंच आणि अरुंद झाकून ठेवलंय. पिवळी खोळ, तिच्यावर तपकिरी पानं. आणि त्या खोळीला खिसा आहे.

दादा, वस्तूच्या खोळीला खिसा कोण ठेवतं? आपली आई ठेवते. माझा पिवळा फ्रॉक आखूड झाला तेव्हा तिने त्याची शाळेतल्या मायक्रोस्कोपला खोळ शिवली होती. शाळा खोळी द्यायची नाही आणि बाबा लॅबचे मदतनीस, त्यांना तिथे धूळ खपायची नाही. कापड पुरेना, म्हणून फ्रॉकचा खिसा तसाच राहिला. त्याचं बटण हरवलं होतं, तिथे तुझ्या शर्टाचं लाल बटण लावलं. बाबा त्या खिशात भिंग पुसायचं मऊ फडकं ठेवायचे. चित्रात लाल बटण आहे. खिशातून पांढऱ्या फडक्याचं टोकसुद्धा बाहेर आलंय.

तो मायक्रोस्कोप बाबांनी चोरून विकला असं सायन्सच्या सरांनी सांगितलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली. बाबांची नोकरी गेली. आपल्याला मैदानात "चोराची पोरं" म्हणायचे. आई मरेपर्यंत बाजारात मान खाली घालून चालली. आणि ती "विकलेली" वस्तू कोणाच्या तरी घरात लिंबांच्या शेजारी आरामात बसलीय, वर तिचं चित्र निघतंय!

मला रडू आलं नाही. हात शिवशिवले. हे कोणी काढलं ते मी शोधणार, आणि सापडल्यावर सोडणार नाही.

तुझी धाकटी


१० जून

धाकटे,

पत्र फाडलं. वहिनीने आधी वाचलं, मग फाडलं.

तू म्हणतेस ते खरं असेलही. पिवळ्या कापडाची जगात आणखी कोणी खोळ शिवली नसेल असं नाही, पण लाल बटणाचं मला आठवतं, कारण त्या शर्टाला मग बटणच नव्हतं आणि मी ती जागा हाताने झाकून शाळेत जायचो. तरी सांगतो, उकिरडा उकरून कोणाचं भलं झालेलं नाही. बाबा आता विसरलेत. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी खालच्या सायकलवाल्याच्या दुकानात गप्पा. कान इतके तिखट की आतल्या खोलीतून दूध उतू जाताना ऐकतात.

विसरलेत म्हणालो, पण एक सांगतो. मागच्या आठवड्यात वहिनीचा चमचा सापडेना. ती आपली सहज म्हणाली, "कुठे गेला कोण जाणे." बाबा उठले आणि त्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून तिला दाखवले. ती बिचारी ओशाळली. चमचा सांडशीखाली होता.

असं ते नेहमी करतात. मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आताही सांगायला नको होतं, कारण तू आता जास्तच पेटशील. पण बाबांना या वयात परत त्या चिखलात ओढू नकोस एवढंच सांगणं.

तुझा,
दादा


१६ जून

दादा,

खिशांचं सांगितलंस ते बरं केलंस. थोडी दया उरली होती, तीही गेली.

चित्राच्या मागे खाकी कागदावर फ्रेमवाल्याचा शिक्का होता. गाव आपलंच जुनं. रविवारी लाँड्री बंद ठेवली आणि बसने गेले. फ्रेमवाला भला माणूस आहे, तोंडाला कुलूप नाही. म्हणाला, "मुंगीबाई ना? अहो, त्या दरवर्षी एक चित्र फ्रेम करून घेतात, नि दरवर्षी जुन्या बाजारात नेऊन देतात. कोणाला देत नाहीत, घरात लावत नाहीत. मोठ्या घरची हौस, दुसरं काय!"

मोठं घर कुठलं ते विचारलं. आपल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांचं. म्हणजे तेच, तेव्हाचे सायन्सचे सर. मुंगी ही त्यांची बायको.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, दादा. आता बघच.

धाकटी


१८ जून

माननीय चित्रकार बाई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी लाँड्री चालवते. तुमचं लिंबांचं चित्र मी जुन्या बाजारातून घेतलं आणि दुकानात गिऱ्हाइकांना दिसेल असं टांगलंय. दिवसभर लोकांचे डाग बघून डोळे शिणले की मी ते बघते. टेबलावरचा कपाचा डाग तर इतका खरा आहे की तो काढायला काय लागेल हेही मी सांगू शकेन.

फ्रेमवाल्याने तुमचं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तुमची मुंगी मला पुरे आहे. एकच कुतूहल आहे. मधोमध ते काय झाकलंय? आणि त्या खोळीला खिसा कशाला? गिऱ्हाइकं पैजा लावतात. एक म्हणतो पक्ष्याचा पिंजरा, दुसरा म्हणतो देवच जाणे.

सवडीने कळवावं.

तुमची चाहती,
लाँड्रीवाली


२७ जून

प्रिय लाँड्रीवाल्या ताई,

तुमचं पत्र फ्रेमवाल्याने चित्राच्या पुठ्ठ्यात घालून दिलं. मी ते दुकानात उभ्याने वाचलं, मग त्याच्या स्टुलावर बसून वाचलं. माझ्या चित्राबद्दल आजवर कोणी चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. ह्यांना विचाराल तर माझी चित्रं म्हणजे भिंतीला आलेली ओल. पाहुणे आले की हे म्हणतात, "आमच्या हिला रंगांचा नाद आहे, औषध चालू आहे." सगळे हसतात. मीही हसते, चहा आणते.

मुंगी होऊन साखर खावी म्हणतात ना? मी मुंगी झाले, साखर ह्यांनी खाल्ली. म्हणून ती सही.

झाकलंय ते माझं शिवणाचं मशीन. खिसा कात्रीसाठी.

सध्या घरात फार गडबड आहे. शाळेचा मोठा समारंभ आहे, तिथल्या लॅबला ह्यांचं नाव देणार आहेत. भिंतींवर लावायला माझी चित्रंही मागितली आहेत, म्हणजे "सरांच्या घरातली कला" म्हणून. हे नको म्हणाले होते, पण शाळेच्या मंडळींनी आग्रह केला.

पुढचं पत्रही फ्रेमवाल्याकडेच पाठवा. घरी आलेली पत्रं हे आधी फोडतात.

तुमची,
मुंगी


३ जुलै

मुंगीबाई,

मी लाँड्रीवाली आहे, त्यामुळे कापडाखाली काय आहे ते मला कापडावरून कळतं. शिवणाचं मशीन आडवं असतं. तुमची वस्तू उभी आहे, वर निमुळती, खाली बैठक. आणि खिशातून जे टोक बाहेर आलंय ते कात्रीचं नाही, फडक्याचं आहे. काच पुसायच्या फडक्याचं.

आता खरं सांगा, नाहीतर लिहू नका.

लाँड्रीवाली


२२ जुलै

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण रोज लिहून रोज चुलीत घालत होते.

तुम्ही लॅबमधल्या मदतनिसांची मुलगी. मला पहिल्याच पत्रात कळलं होतं. बाकी कोणीही लिंबांबद्दल विचारलं असतं. खिशाबद्दल फक्त ज्याच्या घरून तो खिसा आला तोच विचारणार. शिवणाचं मशीन मी मुद्दाम म्हटलं. बघत होते, तुम्ही गप्प बसता की पुढे येता.

तर ऐका. त्या वर्षी सुट्टीत लॅबची किल्ली ह्यांच्याकडे असायची. ह्यांना डबक्यातल्या किड्यांवर पुस्तक लिहायचं होतं. मायक्रोस्कोप खोळीसकट घरी आणला आणि मागच्या खोलीत ठेवला. एक दिवस तो ह्यांच्या हातून पडला, भिंग फुटलं. परदेशातून मागवलेली वस्तू. ह्यांना बढती मिळायची होती. शाळा उघडली, कपाट रिकामं दिसलं, आणि विचारणारे येण्याआधीच ह्यांनी तुमच्या बाबांकडे बोट दाखवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

मला त्या वेळी काहीच माहीत नव्हतं. खूप नंतर मागच्या खोलीत झाडताना ती वस्तू सापडली. विचारलं तर म्हणाले, "बोललीस तर तूही उपाशी मरशील." तेव्हापासून मी तिच्यावरची धूळ झटकते आणि तिचं चित्र काढते. कितीतरी काढली. दरवर्षी एक बाजारात सोडते, बाकीची घरात पडून असतात. कधीतरी, कुठेतरी, कोणीतरी तो खिसा ओळखेल म्हणून. ह्यांना वाटतं बायको लिंबं काढते.

ताई, मी हे तीस वर्षं उरात जपलंय. तुम्हाला वाटत असेल सूड फक्त तुमचा आहे. तसं नाही. ह्या माणसाने माझा प्रत्येक रंग ओल म्हणून पुसला.

आता ते लॅबला ह्यांचं नाव देणार. त्याच लॅबला! पाटीवरचा पडदा निघेल तेव्हा भिंतीवर माझी चित्रं असतील, आणि त्यांच्या खाली टेबलावर ती वस्तू, खोळ घातलेली. मी फुलदाणी म्हणून नेऊन ठेवीन. खोळ मी काढीन. बोलायचं तुम्ही. तुमच्या बाबांना आणा.

मुंगी


२८ जुलै

दादा,

सोबत मुंगीचं पत्र पाठवतेय. हे मात्र फाडू नकोस, परत पाठव.

मला ती बाई आवडत नाही. तीस वर्षं धूळ झटकली म्हणते, आणि जीभ? तिला काय वाटतं, आपण तिची चित्रं शोधत बाजारोबाजार फिरत होतो? आपला बाप घरोघरी सायकलवर साबण विकत होता तेव्हा ही लिंबाच्या पिवळ्यात कुठला पिवळा मिसळायचा याचा विचार करत होती. पण सध्या तिचा खांदा हवा आहे, बंदूक माझी आहे.

मला एकच हवंय. ज्या लोकांनी बाबांना चोर म्हटलं, त्याच लोकांनी, त्याच लॅबमध्ये, बाबा चोर नाहीत हे कानांनी ऐकायचं. बाबांच्या डोळ्यांदेखत. बाबांचं वय बघता हे पुढच्या वर्षावर टाकता येणार नाही. समारंभ वीस ऑगस्टला आहे, बाबांना घेऊन ये.

धाकटी


५ ऑगस्ट

धाकटे,

मी नाहीच म्हणणार होतो. "कशाला उगाच, आपलेच दात आणि आपलेच ओठ" असलं काहीबाही लिहिलंही होतं. वहिनी म्हणाली, यात दात आपले आणि ओठ त्यांचे आहेत, हे वाक्य फाड.

तेवढ्यात बाबा आले. पत्र टेबलावर होतं. मी झाकायला गेलो तर म्हणाले, "वाचलंय मी, परवाच. शर्टाला इस्त्री कोण करणार, तू का तिने करून पाठवायचा?"

म्हणून शर्ट पाठवतोय, सोबत ते पत्रही. पांढरा, कॉलरला जपून. आम्ही येतो.

तुझा,
दादा


२९ ऑगस्ट

ताई,

तुम्हाला समारंभाचं वर्णन करून काय सांगू, तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात. तरी सांगते, कारण तुम्ही ते समोरून पाहिलंत, मी त्याच्या मधोमध उभी होते.

मी खोळ काढली. तुम्ही उठून म्हणालात, "ज्या मायक्रोस्कोपसाठी माझ्या बाबांना चोर ठरवून हाकललं, तो हा." इतका स्वच्छ आवाज. मला वाटलं, संपलं. आता हे खाली बसतील आणि पुन्हा कधी उठणार नाहीत.

हे उठले. चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आज मला एका ओझ्यातून मुक्त व्हायचं आहे. ही वस्तू माझ्या पत्नीने लॅबमधून आणली होती. मला फार उशिरा कळलं. तिची प्रकृती तुम्ही जाणता. नवरा म्हणून मी तिची चूक पोटात घातली, आणि एका प्रामाणिक माणसावर अन्याय होऊ दिला." मग खाली उतरून तुमच्या बाबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि "तिच्या वतीने" माफी मागितली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! मागून कोणीतरी म्हणालं, "बघा ना, तीच तीच वस्तू किती वेळा काढलीय. चोराच्या मनात चांदणं." माझीच चित्रं, माझ्याच विरुद्ध साक्षीला उभी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

आणि ताई, माझं पत्र तुमच्या पिशवीत होतं. तुम्ही उभ्या होतात. तुम्ही खाली बसलात.

पाटी तशीच लागली आहे. हे सगळीकडे थोर झालेत. मी दुकानात गेले की दुकानदार माझ्या हातांकडे बघतो. शेजारच्या मुली चित्र शिकायला यायच्या, त्यांच्या आयांनी त्या बंद केल्या. फ्रेमवाला तेवढा अजून बोलतो. ह्यांनी माझे रंग माळ्यावर टाकले आणि सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांनी मना केलंय.

माझ्या बाजूने बोलू शकतील अशी दोनच माणसं आहेत. एक तुम्ही, तुमच्याकडे समारंभाच्या आधी लिहिलेलं माझं पत्र आहे. दुसरे तुमचे बाबा. सुट्टीत किल्ली कोणाकडे असायची ते त्यांना ठाऊक आहे, आणि आता त्या गावात त्यांच्याच शब्दाला वजन आहे. हात जोडून विनंती करते. एकदा येऊन सांगा, की मी चोर नाही.

मुंगी


५ सप्टेंबर

मुंगीबाई,

हो, मी खाली बसले. सांगते का ते.

त्या क्षणी माझ्या बाबांचे हात त्या माणसाच्या हातात होते आणि सगळं सभागृह बघत होतं की बाबा चोर नाहीत. मी ज्यासाठी आले होते ते मला मिळालं होतं. मग तुमच्याकडे बघितलं. तुमचं तोंड उघडं होतं आणि शब्द फुटत नव्हता. माझ्या आईचा चेहरा मी अगदी असाच पाहिलाय. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? पोटात एक, ओठात एक मला जमत नाही, ते तुमच्या घरात चालतं.

दुकानदार हातांकडे बघतो म्हणता. आमच्या हातांकडे गावभर बघायचे. मुली यायच्या बंद झाल्या म्हणता. माझ्याशी खेळायला येणाऱ्याही अशाच बंद झाल्या, मी सात-आठ वर्षांची होते. तुम्ही तेव्हा त्याच गावात होतात. मूग गिळून होतात.

तुमच्या नवऱ्याला मी सोडणार आहे असं समजू नका. त्या पाटीचा एकेक स्क्रू निघेल. पत्र माझ्याकडे जपून आहे. ते मी शाळेच्या मंडळींसमोर ठेवीन, आणि बाबांनी यायचं की नाही ते बाबा ठरवतील. पण त्याआधी तुम्ही एक करायचं. दादाचा पत्ता खाली दिलाय. तिथे जायचं आणि बाबांसमोर उभं राहून जे मला लिहिलंत ते सगळं सांगायचं. पत्र नको. चित्र तर मुळीच नको. तोंडाने.

लाँड्रीवाली


२१ सप्टेंबर

धाकटे,

मुंगीबाई येऊन गेल्या. म्हणजे आल्यात, गेल्या नाहीत. समोरच्या लॉजमध्ये उतरल्यात. सगळं सविस्तर सांगतो, कारण तू विचारणार आणि मला फोनवर हे सांगता येणार नाही.

परवा सकाळी आल्या. मी खुर्ची दिली, बसल्या नाहीत. तू म्हटल्याप्रमाणे उभं राहूनच सांगायला लागल्या. मायक्रोस्कोप सरांनी आणला, सरांनी पाडला, सरांनी बाबांवर ढकललं, बाबा निर्दोष. आवाज अगदी बारीक. सांगून झालं तर बाबा म्हणाले, "ऐकू आलं नाही."

दूध उतू जाताना ऐकणारा माणूस! मी बघतच राहिलो. बाईंनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. बाबा म्हणाले, "थांबा जरा," आणि मला खालच्या सायकलवाल्याला बोलवायला पाठवलं. तो काळ्या हातांनी वर आला. बाबा म्हणाले, "हं, आता सांगा." त्यांनी सांगितलं. मग वरच्या मजल्यावरचे कंपाउंडर आणि त्यांची बायको. पुन्हा सांगितलं. शेवटी शेवटी बाईंचा घसा बसला होता, वहिनी पाणी घेऊन आली तर बाबांनी तिला नजरेने थांबवलं. मी बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. मी तुला लिहिलं होतं ना, विसरलेत म्हणून? मी काय माणूस ओळखतो, कपाळ!

सगळे गेल्यावर बाईंनी विचारलं, "आता तुम्ही शाळेत येऊन माझ्यासाठी एक शब्द सांगाल ना?"

बाबा अगदी आदराने म्हणाले, "उद्या या."

काल त्या आल्या. बाबांनी आतूनच सांगायला लावलं, "उद्या या."

मग मात्र मला राहवलं नाही. संध्याकाळी मी म्हटलं, बाबा, हे बरं नाही. तिने सगळं कबूल केलंय, आपल्या दारात चार माणसांसमोर. आता त्या सरांना धडा शिकवायचा की हिलाच रांगेत उभं करायचं? तुम्ही गेलात की सरांचं संपलंच. तेव्हा बाबांनी जे सांगितलं ते तुला-मला दोघांनाही माहीत नव्हतं. आईला माहीत होतं.

नोकरी गेल्यावर बाबा सरांच्या घरी जायचे. भांडायला नाही. सुट्टीत किल्ली तुमच्याकडे होती, एवढंच शाळेत सांगा, असं म्हणायला. दार ही बाई उघडायची. आत सरांचा खोकला ऐकू यायचा, मागच्या खोलीचं दार उघडं असायचं, टेबलावर पिवळं काहीतरी दिसायचं. आणि ही म्हणायची, "सर घरी नाहीत. उद्या या." बाबा दुसऱ्या दिवशी जायचे. आपण ते गाव सोडलं तोवर रोज जात होते.

"त्या वेळी काही माहीत नव्हतं" असं तिने तुला लिहिलंय ना? इथेही तसंच म्हणाली, चारही वेळा.

बाबा म्हणाले, "सगळं सांगितलं तिने. तेवढंच सांगितलं नाही. मी थांबलो होतो तेवढ्यासाठी."

तू पत्र घेऊन येतेस म्हणालीस, ये. सरांचं काय करायचं ते आपण करू, त्यात मी आता मागे नाही. वहिनी तर दोन दिवसांपासून पिशवी भरून बसलीय. पण बाबांना घाई कर असं मला सांगू नकोस. मला ते करवणार नाही, आणि खरं सांगायचं तर करावंसं वाटतही नाही.

बेल वाजली. खिडकीतून दिसतंय, त्याच आहेत. बाबा पेपर वाचतायत, मान वर केलेली नाही. दार उघडायला मला जायचंय, आणि काय सांगायचं ते मला माहीत आहे.

तुझा,
दादा